मराठवाड्यात घरून काम करताय? प्रोग्रामरच्या दिवसातल्या या चुका टाळा

पुण्यातली खोली सोडून लातूर, नांदेड, परभणी किंवा छत्रपती संभाजीनगरला घरी येऊन काम करणाऱ्या प्रोग्रामर मंडळींची तक्रार साधारण एकच असते. भाडं वाचलं, ट्रॅफिक सुटलं, घरचं जेवण मिळायला लागलं, तरी दिवस पुरत नाही. रात्री अकराला लॅपटॉप मिटतो आणि सकाळी डोळे उघडताच हात मोबाइलकडे जातो. यावर पहाटे पाचला उठा, कामांची यादी करा, असे सल्ले भरपूर मिळतात. मला त्यांत फारसा दम वाटत नाही. बहुतेकांचा दिवस बिघडतो तो त्यांच्या कामाची वेळ कुणालाच ठाऊक नसते म्हणून. टीमला वाटतं हा रात्री दहापर्यंत असतोच, घरच्यांना वाटतं हा दिवसभर मोकळाच आहे, आणि दोघांनाही कुणी काही सांगितलेलं नसतं. खालच्या बऱ्याच चुका तिथूनच सुरू होतात. उरलेल्या लाइट, ऊन आणि पाण्याच्या आहेत.

दोन घड्याळांवर एकच माणूस चालवणं

सकाळी साडेनऊला पुण्याच्या टीमचा स्टँडअप, म्हणजे रोजची छोटी बैठक, आणि संध्याकाळी अमेरिकेतल्या क्लायंटचा कॉल, असं असेल तर दिवस तेरा तासांचा होतो आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात, की तोच कॉल साडेआठला येतो आणि मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तिथेच राहतो. कॅलिफोर्नियाची टीम असेल तर तिकडचे सकाळचे नऊ म्हणजे त्या चार महिन्यांत आपले रात्रीचे साडेदहा. तुळशीचं लग्न उरकून लग्नसराई सुरू होते ती याच काळात, त्यामुळे घरात कुरबुरीही तेव्हाच वाढतात. ऑक्टोबर संपायच्या आत कॅलेंडर उघडून हा बदल बघा आणि कॉलची वेळ अर्धा-पाऊण तास अलीकडे घेता येईल का, ते तेव्हाच विचारा. एकदा वेळ रुळली की बदलायला कुणी तयार नसतं.

दोन्ही घड्याळं सांभाळायची तर दिवसाचे दोन तुकडे करून मध्ये सुट्टी घ्यावी लागते. ती नुसती मनात धरून चालत नाही, कॅलेंडरवर दिसली पाहिजे. टीमला असा साधा मेसेज पुरतो: ‘मी सकाळी साडेसात ते साडेबारा आणि संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ कामावर आहे. मधल्या वेळेत तातडीचं असेल तर फोन करा, मेसेज नको.’ शेवटचं वाक्य सगळ्यांत महत्त्वाचं आहे. तातडी म्हणजे फोन, हे एकदा ठरलं की दर दहा मिनिटांनी चॅट उघडून बघायचं कारण उरत नाही. उठून कुणाला तरी फोन करण्याइतकी तातडी असलेली कामं किती कमी असतात, हे आठवड्याभरात दिसतं.

पाच आणि तीन, असे हे आठ तास होतात. साडेनऊचा स्टँडअप त्यात बसतो, क्लायंटचा साडेसातचा कॉलही बसतो. नोव्हेंबरात कॉल साडेआठला सरकला तर संध्याकाळचा सगळा तुकडाच तासाभराने पुढे ढकला, नुसता शेवट लांबवू नका.

‘घरीच तर हाईस’ याला उत्तर न देणं

‘घरीच तर हाईस, जरा बँकेत जाऊन ये की.’ हे वाक्य घरून काम करणाऱ्या प्रत्येकाने ऐकलेलं असतं. त्यामागे कुणाचा वाईट हेतू नसतो. खुर्चीत बसून स्क्रीनकडे बघणारा माणूस काम करतोय की बसलाय, हे आज्जीला किंवा काकांना बाहेरून कळायला मार्गच नसतो. ‘मला काम आहे’ असं म्हणून भागत नाही, कारण काम तर सगळ्यांनाच असतं. आपण मोकळे केव्हा असतो, ते सांगावं. ‘दुपारी एक ते चार कधीही सांगा, बँक, दवाखाना, दळण, सगळं करतो,’ असं म्हटलं आणि तसं खरंच केलं, की पंधरा दिवसांत लोक त्या वेळेची वाट बघायला शिकतात. मात्र एकला हाक आली आणि तुम्ही ‘पाच मिनिटं’ म्हणत दोनपर्यंत बसून राहिलात, तर पुढच्या वेळी हाक पुन्हा सकाळी दहालाच येणार.

घरातल्या सुनेचं किंवा मुलीचं काम हेच असेल तेव्हा मात्र प्रश्न निराळा असतो, आणि तो वेळापत्रक लिहून सुटत नाही. तिचा कॉल चालू असताना दारात पाहुणे आले तर चहा कुणी टाकायचा, हे घराने बसून ठरवायला हवं, आणि ते नवऱ्याने बोलून दाखवायला हवं. ‘ती सकाळी कामावर असते, तोवर स्वयंपाकघर माझ्याकडे’ हे वाक्य तिच्यापेक्षा त्याच्या तोंडून जास्त चालतं. एवढं बोलायला नवरे कचरतात आणि तिकडे मुली नोकरी सोडतात. मला हे फार लागतं.

लाइट गेली की देवावर हवाला ठेवणं

लक्षण ओळखीचं आहे. कॉल चालू असताना लाइट जाते, इन्व्हर्टर टक् करून सुरू होतो, पंखा फिरत राहतो, लॅपटॉप तर बॅटरीवर असतोच, पण कॉल तुटतो. राउटरकडे बघितलं तर त्याचे सगळे दिवे विझून पुन्हा एकेक लागत असतात. फायबरच्या डब्याला (घरात इंटरनेटची तार येते तो डबा) पुन्हा जोडून घ्यायला दोन-तीन मिनिटं जातात. दिवसात चार वेळा असं झालं की टीमच्या मनात ‘गावाकडच्या माणसाचं नेट’ पक्कं बसतं.

इंटरनेट कंपनीला शिव्या घालण्याआधी इन्व्हर्टर फिरवून मागची बाजू बघा. घरगुती इन्व्हर्टरवर बहुतेक वेळा एक खटका असतो, एका बाजूला यूपीएस आणि दुसऱ्या बाजूला नॉर्मल. नॉर्मलवर असताना मेनवरून बॅटरीवर जायला जो क्षण लागतो त्यात पंख्याला काही कळत नाही, पण राउटर बंद पडू शकतो. यूपीएसवर हा बदल बराच लवकर होतो. मग सगळ्यांनी खटका यूपीएसवर का ठेवू नये? कारण त्या बाजूला इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही. गावठाणात संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो लाइट असूनही बॅटरीवर जातो, आणि खरी लाइट जाते तेव्हा बॅटरी रिकामी असते. शहरात व्होल्टेज बरं असेल तर खटका यूपीएसवर ठेवा. व्होल्टेज पडतं अशा ठिकाणी तो नॉर्मलवरच राहू द्या आणि राउटरसाठी वेगळा छोटा डीसी यूपीएस, म्हणजे राउटरला थेट वीज देणारी छोटी बॅटरी, घ्या. घेताना राउटरच्या अडॅप्टरवर काय छापलंय ते वाचून जा. बरेचसे बारा व्होल्टचे असतात, पण काही नऊ किंवा पाच व्होल्टचेही असतात. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगळे असतील तर दोन्हींची सोय करावी लागते. इथे बरेच जण फसतात.

बॅटरीचा हिशेब एकदा कागदावर मांडा. १५० एएचची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, हातात त्याहून बरेच कमी. लॅपटॉप, एक पंखा आणि राउटर मिळून दीडशे वॉट धरले तर चांगली बॅटरी सहा-सात तास काढते. त्याच लाइनवर कूलर लावला की ते निम्म्यावर येतात. उन्हाळ्यात बॅटरीतलं पाणी लवकर उडतं, म्हणून मार्चपासून डिस्टिल्ड वॉटरची पातळी नेहमीपेक्षा जास्त वेळा बघा. महावितरणकडे मोबाइल नंबर नोंदवलेला असेल तर देखभालीसाठी लाइट जाणार असल्याचा एसएमएस येतो. तो आला की लगेच त्या वेळेतला कॉल हलवा. जोडीला ब्रॉडबँडपेक्षा वेगळ्या कंपनीचं सिम हॉटस्पॉटसाठी ठेवा, म्हणजे एकाच बिघाडात दोन्ही जात नाहीत.

दुपारी डोकं लावायचं काम काढणं

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४२-४३ अंशांवर जातो. पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दुपारी बसलात तर माणसाचं डोकं चालत नाही आणि लॅपटॉपचंही चालत नाही. बहुतेक लॅपटॉपच्या माहितीपुस्तकात वापरासाठी खोलीचं तापमान ३५ अंशांपर्यंतच सांगितलेलं असतं. त्यापुढे प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो. सकाळी पटकन होणारा बिल्ड (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार होणं) दुपारी रेंगाळत असेल तर कोडमध्ये दोष शोधण्याआधी प्रोसेसरचं तापमान बघा. गादीवर, रजईवर ठेवलेला लॅपटॉप खालून हवा घेऊ शकत नाही, आणि आपल्याकडच्या धुळीने आतला पंखा वर्षभरात बुजतो. तो साफ करून घ्यायला थोडकेच पैसे पडतात.

आपली हवा कोरडी, म्हणून कूलर इथे चांगला चालतो. पण खोलीची खिडकी उघडी हवी, नाहीतर तासाभरात दमट होतं आणि घाम सुकत नाही. आणि कूलरचा झोत थेट लॅपटॉपवर घेऊ नका.

कामाची मांडणीही त्याप्रमाणे बदला. गुंतागुंतीचा बग, नवं डिझाइन, ज्याला सलग दोन तास शांतता लागते ते सगळं सकाळी अकराच्या आत. पुढचा दीड तास कोड रिव्ह्यू (दुसऱ्याचा कोड तपासणं), टिकेटं (नोंदवलेली कामं आणि तक्रारी), कागदपत्रं. शेतातला माणूस उन्हाळ्यात पहाटे जातो आणि दुपारी सावलीला येतो, त्याच अंदाजाने आपणही वागावं. घराघरांत हे शहाणपण आहे, फक्त ऑफिसच्या सवयीत ते मागे पडतं.

नळाचा दिवस विसरणं

मराठवाड्यातल्या अनेक शहरांत नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, आणि कधी भलत्याच वेळी. मोटर लावणं, टाकी, पिंप, सगळं तासाभरात उरकायचं असतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, त्यामुळे पाण्याचं गांभीर्य इथे कुणाला शिकवायला नको. तरीही ‘पाणी भरत होतो’ हे कॉलवर सांगायला अनेकांना संकोच वाटतो. पाण्याचा अंदाजे दिवस कॅलेंडरवर ‘उपलब्ध नाही’ म्हणून टाका, कारण लिहायची गरज नाही.

सुट्ट्या आयत्या वेळी मागणं

कंपनीची सुट्ट्यांची यादी पुण्यात किंवा बेंगळुरूमध्ये बनते. तीत १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, क्वचितच सापडतो. येळवस तर नसतेच. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला मार्गशीर्षातल्या अमावास्येला शेतात भज्जी आणि आंबिलाच्या पंगतीला बसायचं असतं, आणि त्या दिवशी कुणी त्याला स्प्रिंटचं, म्हणजे त्या पंधरवड्याच्या ठरलेल्या कामाचं, विचारत असेल तर दोन्हीकडे चुकल्यासारखं होतं. येळवस डिसेंबरात किंवा जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात येते. नवं पंचांग हाती आलं की पोळा, येळवस आणि गावची जत्रा या तारखा रजेत टाकून मोकळे व्हा. डिसेंबरअखेर बरेच परदेशी क्लायंट नवे बदल थांबवतात, म्हणून तेव्हाची रजा सहज मिळते.

पेरणीचं अवघड आहे, ती तारीख सांगून येत नाही. परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं सांगतं. तो पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यात होईल किंवा जुलै उजाडेल. मॅनेजरला मे महिन्यातच सांगून ठेवा: ‘१० जून ते १० जुलै यांदरम्यान मला दोन दिवस लागतील. नक्की कोणते ते एक दिवस आधी कळवीन, आणि त्या काळात महत्त्वाचं काम एकट्या माझ्यावर ठेवू नका.’ आधी कळवलं तर हे समजून घेणारे मॅनेजर पुष्कळ असतात. आदल्या रात्री सांगितलं तर चांगला मॅनेजरही वैतागतो.

शुक्रवारी संध्याकाळी डिप्लॉय, रोज रात्री ‘एवढा बग काढतो’

शुक्रवारी सहाला कोड लाइव्ह करून सातची एसटी पकडू नका. वाटेत रेंज गेली की तुमच्या चुकीचा भार दुसऱ्याच्या शनिवारवर पडतो. गुरुवार दुपारपर्यंत गेलं तर गेलं, नाहीतर सोमवार.

रात्रीच्या बगचं दुखणं जास्त खोल आहे. साडेआठला सुटायचं असताना एररचा एक धागा हाती लागतो आणि आता सोडलं तर सकाळी काहीच आठवणार नाही, अशी भीती वाटते. भीती खोटी नसते, म्हणून तिला उत्तर हवं. उठण्याआधी दहा मिनिटं काढून तीन ओळी लिहा: काय होतंय, काय करून बघितलं, सकाळी पहिलं काय बघायचं. अर्धवट कोड वेगळ्या ब्रँचवर (मूळ कोडला धक्का न लावणाऱ्या प्रतीत) कमिट करा, म्हणजे नोंदवून ठेवा. फेल होणारी टेस्ट तशीच ठेवा, सकाळी ती चालवली की सगळं परत समोर येतं. मग चॅटचं ॲप रात्रीसाठी मोबाइलवर बंद करा. ऑन-कॉल, म्हणजे तातडीच्या बिघाडासाठी पाळीवर, असाल तर फक्त त्या फोनची रिंग चालू ठेवा.

डोळ्यांना आराम म्हणून दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघत जा. खाटेवर मांडी घालून काम करत असाल तर आधी टेबल-खुर्ची घ्या, बाकी खरेदी नंतर.

एवढं करूनही दिवस आटोक्यात येत नसेल तर

दोन आठवडे रोज प्रत्यक्ष सुरू आणि बंद झाल्याची वेळ वहीत लिहा, रात्रीचे फोन आणि त्यांची कारणंही. फोन घरातल्या अडचणींमुळे वाढले असतील तर ते वहीतच दिसेल. पण तुम्ही वेळ सांगितली आहे, कॅलेंडरवर लावली आहे, तरी त्या वेळेनंतर रोज फोन येत असेल, तर दोष तुमच्या दिनक्रमात नाही, कामाच्या वाटणीत आहे. तेव्हा तोंडी बोलून थांबू नका. त्या नोंदी मेलमध्ये टाकून मॅनेजरला पाठवा, संध्याकाळची पाळी टीममध्ये आळीपाळीने लावायची मागणी त्याच मेलमध्ये करा, आणि उत्तरासाठी तारीख लिहा.