संशोधन भागीदारीचं अनुदान: अर्ज उघडण्याआधी गावात करायची तयारी

जाहिरात निघाली की आपण आधी फॉर्म उघडतो आणि मग गावाकडे वळतो. हा क्रम उलटा करा. सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांच्या भागीदारी अनुदानात, म्हणजे विद्यापीठ आणि गाव मिळून करायच्या संशोधनाच्या पैशात, परीक्षक बारकाईनं पाहतात की प्रश्न विद्यापीठात तयार होऊन गावाच्या गळ्यात पडला आहे, की गावाला तो आपला वाटतो. म्हणून शेवटच्या तारखेच्या निदान सहा महिने आधीपासून गावात बसायला लागा. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं हे फार आधी करून दाखवलं. तिथल्या अभ्यासगटात गावकरी आणि बाहेरचे जाणकार मिळून एखादा विषय समजून घेत, निर्णय मात्र ग्रामसभा सर्वसहमतीनं घेई. २००६ चा वनहक्क कायदा आला तेव्हा या बसण्याचं चीज झालं, आणि २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांत मेंढाचं नाव आलं. आपल्या अर्जातला प्रश्न अशा बैठकीतून आलेला असेल तर ‘संशोधनाची गरज’ हा रकाना भरताना अडायला होत नाही.

विषय ग्रामसभेत मांडा आणि ठराव घ्या. ठरावात तारीख, हजर माणसं, त्यात बाया किती, सह्या आणि अंगठे, सगळं असू द्या. मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवते. दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्या भागातल्या एका गावात असा ठराव लिहिला जात होता. लाल कापडी पुठ्ठ्याचं रजिस्टर, दमट हवेनं पानं फुगलेली, अंगठ्यांची शाई कडेनं पसरलेली. अंगठा उठवायच्या आधी एका म्हाताऱ्या बाईनं सचिवाचा हात धरला आणि म्हणाली, “यात लिवा, गाण्याचा रेकॉर्डिंग आमच्यापाशी बी राहील.” ती हे का म्हणाली ते सगळ्यांना ठाऊक होतं. काही वर्षांपूर्वी बाहेरची एक टीम येऊन तीन दिवस रोवणीची, म्हणजे भातलावणीची, गाणी मोबाईलवर भरून घेऊन गेली होती. पुन्हा कोणी आलं नाही, फाईल आली नाही, पुस्तक निघालं की नाही तेही कळलं नाही. त्या गाणाऱ्यांतल्या दोघी आता नाहीत. त्यांचा आवाज कुठल्या तरी हार्डडिस्कवर आहे आणि त्यांच्या नातींना तो ऐकता येत नाही.

त्यामुळे माझ्या यादीत सामंजस्य करार बजेटच्याही आधी येतो. रेकॉर्डिंग, फोटो, नकाशे, मुलाखतींचे कागद कोणाच्या मालकीचे, एक प्रत गावात कुठे आणि कोणाकडे राहील, लेख छापताना कोणाचं नाव येईल, कुठली गोष्ट छापायचीच नाही हे कोण ठरवेल, हे सगळं मराठीत लिहा, आणि जिथं गोंडी किंवा माडिया बोलली जाते तिथं त्या भाषेत वाचून दाखवा. औषधी वनस्पती आणि देवस्थानांबद्दल तर फारच जपा. परदेशी भागीदार असेल तर त्याला हे नवीन नसतं. कॅनडातल्या फर्स्ट नेशन्स समाजांनी १९९८ पासून ‘ओकॅप’ नावाची चार तत्त्वं धरली आहेत: माहितीवर मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा समाजाचा. आपल्या करारात ही चार तत्त्वं मागायला संकोच करू नका. हे मागितल्यानं भागीदार दुरावला, तर तो आधीच दुरावलेला बरा.

आता पैसा कुठून मागायचा. देशात पहिलं दार भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचं, म्हणजे १९६९ मध्ये स्थापन झालेल्या आयसीएसएसआरचं. तिथं अर्ज मान्यताप्राप्त संस्थेमार्फत जातो, म्हणून गावातल्या संस्थेला विद्यापीठ किंवा कॉलेज जोडून घ्यावं लागतं. गडचिरोलीत २०११ पासून गोंडवाना विद्यापीठ आहे, पश्चिम विदर्भातल्यांना अमरावतीचं विद्यापीठ आहे. नागपूरपर्यंत जायलाच हवं असं नाही. परदेशात एसएसएचआरसी ही कॅनडाची सामाजिक शास्त्रं आणि मानव्यविद्यांची संशोधन परिषद भागीदारीसाठीच वेगळी अनुदानं देत आली आहे: वर्षभराच्या छोट्या कामाला ७,००० ते २५,००० कॅनडियन डॉलर, एक ते तीन वर्षांच्या बांधणीला २ लाखांपर्यंत, आणि चार ते सात वर्षांच्या मोठ्या कामाला २५ लाख डॉलरपर्यंत. मुख्य अर्जदार कॅनडातल्या संस्थेचा असतो, आपण भागीदार. रकमा आणि नियम चालू जाहिरातीतूनच घ्या, मागच्या वर्षीच्या पीडीएफवरून नाही.

परदेशी पैशाचं गणित पहिल्याच बैठकीत मांडा. एफसीआरए, म्हणजे परदेशी निधीच्या कायद्याखालची, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय संस्थेला परदेशी अनुदान घेता येत नाही. नोंदणीसाठी संस्था निदान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेली लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर हा पैसा दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतो, प्रशासकीय खर्चाला २० टक्क्यांची मर्यादा आहे, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नोंदणी असलेली संस्थाही तो पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देऊ शकत नाही. ‘नागपूरची संस्था घेईल आणि आम्हाला देईल’ हा जुना मार्ग बंद आहे. भागीदाराला हे स्पष्ट सांगा आणि सीएला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या.

बाकी कागद लवकर आटपतात, फक्त जुने राहू देऊ नका: नोंदणी प्रमाणपत्र, पॅन, प्राप्तिकर सवलतीची नोंदणी (जिला पूर्वी १२ए म्हणत), नीती आयोगाच्या पोर्टलवरचा दर्पण क्रमांक, तीन वर्षांचे ऑडिट. एकदा आमच्याच संस्थेच्या चुकीनं एक संधी गेली. कार्यकारिणी बदलली होती, पण त्या बदलाचा अर्ज, म्हणजे चेंज रिपोर्ट, धर्मादाय कार्यालयात ९० दिवसांत दाखल केला नव्हता. तिथल्या नोंदीच्या उताऱ्यावर, शेड्यूल वनवर, जुनीच नावं होती, त्यातले एक अध्यक्ष वारलेले. सही कोणाची चालणार? तेव्हापासून निवडणूक झाली की त्याच आठवड्यात आम्ही चेंज रिपोर्ट भरतो.

बजेट करताना गावाचा वेळ पैशात मांडा. हे मी प्रत्येक कार्यशाळेत सांगते, कारण प्रत्येक अर्जात हेच राहून जातं. वाटाड्या, दुभाषा, बैठकीला येणाऱ्या बायांची बुडालेली मजुरी, चहा-जेवण, समाजमंदिराची जागा, मुलाखतींचं गोंडीतून मराठीत भाषांतर, सगळ्याला ओळ द्या. एसएसएचआरसीच्या मोठ्या अनुदानात भागीदारांकडून मागितलेल्या रकमेच्या किमान ३५ टक्के योगदान, रोख किंवा वस्तू-सेवेच्या रूपात, दाखवावं लागत आलं आहे. म्हणजे ग्रामसभेनं जे आजवर फुकट दिलं, त्याची तिथं किंमत धरली जाते. ती कमी लिहू नका. देशातल्या अनुदानात शेवटी जीएफआर १२-ए या सरकारी नमुन्यात उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे पैसा कशावर खर्च झाला त्याचा दाखला, द्यावं लागतं, तेव्हा पावती देता येईल अशीच शीर्षकं ठेवा. मजुरीच्या भरपाईची पावती सही किंवा अंगठ्यासह घेता येते.

वेळापत्रक शेतावरून आणि जंगलावरून काढा. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणी, कोणाला बोलावू नका, आणि भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला तर रस्ताच राहत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात धान कापणी. मार्च-एप्रिलमध्ये मोहफूल, मग तेंदूपत्ता. पहाटेच घरं रिकामी होतात. धान घरात आल्यावर होळीपर्यंतचे दिवस गप्पांचे, झाडीपट्टीत, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भात, रात्रीच्या नाटकांचे. मोकळ्या मुलाखती तेव्हाच होतात. वऱ्हाडात काम असेल तर कापूस वेचणीचं पंचांग धरा. दिल्लीत किंवा परदेशात बसलेला भागीदार ‘जुलै: क्षेत्रकाम’ लिहितो तेव्हा ते खोडायचं काम आपलंच.

नैतिकता समितीची मान्यता विद्यापीठामार्फत घ्या; तिला महिना-दोन महिने धरा. संमतिपत्रक एका पानाचं, सोप्या मराठीत असावं. भागीदाराचं पत्र संस्थेच्या लेटरहेडवर घ्या. ‘पूर्ण सहकार्य करू’ एवढंच न लिहिता कोण माणूस, किती दिवस, कुठलं काम, हे लिहायला सांगा.

शेवटचे चार दिवस अर्जाला हात लावू नका, फक्त अपलोड. आमच्याकडे वादळी पावसात दोन-दोन दिवस लाईट नसते. तालुक्याच्या जागी एखादं सायबर कॅफे आणि हॉटस्पॉटसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम ठरवून ठेवा. आणि अपलोडच्या आधी एका संध्याकाळी अर्जाचा सारांश ग्रामसभेत मोठ्यानं वाचा, गोंडी येणाऱ्या मुलीकडून गोंडीत सांगून घ्या, कोणी काही दुरुस्त केलं तर तिथंच पेननं लिहा, आणि तेच पान रजिस्टरला चिकटवा.