आधी पानापेटी लावा, मग गाडीखाली शिरा

खंडेनवमीला आपल्याकडं गाडी धुतात, हार घालतात, पाने-हातोडे मांडून पूजा करतात. माझं म्हणणं एवढंच की त्याच्या आधीचा एक रविवार पेटीसाठी राखून ठेवा. पावसाळा नुकताच सरलेला असतोय, बेळगाव-खानापूरकडच्या पावसात फिरलेल्या गाडीच्या पेटीत हमखास पाणी शिरलेलं असतंय आणि पुढं ऊस सुरू झाला की मग कुणाला वेळ मिळणार, सांगा बघू. ट्रकची निम्मी कामं घरच्या घरी होण्यासारखी असतात, ती राहतात कशामुळं तर वेळेला १९ चा पाना सापडत नाही म्हणून.

पेटी पूर्ण रिकामी करा, अर्धवट नको. जुनी ताडपत्री अंथरून सगळं त्यावर पसरा. गंजलेले पाने रॉकेल नाहीतर डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी तारेच्या ब्रशनं घासा, कोरडे पुसून तेलाचा हात फिरवा. पूजेनंतर हळद-कुंकू पण पुसून काढा, ओल धरून बसतंय ते. छन्नीचं डोकं ठोकून ठोकून कडेला पसरलं असेल तर ग्राइंडरवर गोल करून घ्या, त्याचा तुकडा उडून डोळ्यात जातोय, हे हसण्यावारी नेऊ नका. हातोड्याचा दांडा हलत असेल तर आधी पाचर मारा.

जुन्या पेटीत मोठा घोळ असतोय इंच आणि मिलिमीटरचा. वडील-आजोबांच्या बेडफर्डच्या काळातले इंची पाने आजच्या टाटा-लेलँडच्या पान्यांत मिसळलेले असतात. ३/४ इंची म्हणजे १९.०५ मिमी, तो १९ च्या नटाला चालतोय. पण ९/१६ चा म्हणजे १४.२९, तो १४ च्या नटावर बसल्यासारखा वाटतोय आणि जोर दिला की नटाचे कोपरे खाऊन टाकतोय. आणखी जुन्या व्हिटवर्थ (जुन्या इंग्रजी आट्यांच्या मापाच्या) पान्यांवर तर तोंडाचं माप नसतंयच, बोल्टची जाडी लिहिलेली असते, म्हणून १/२ लिहिलेल्या पान्याचं तोंड २३ मिमीच्या वर भरतंय. हे सगळे वेगळे काढून घरी ठेवा, टाकू नका, पण गाडीत नकोत.

आता लावायचं कसं? बरेच लोक लहान ते मोठा असं लावतात, दिसायला छान दिसतंय पण रात्री चोर्ला घाटात काम निघालं की त्याचा उपयोग नाही. कामाप्रमाणं लावा. चाकाचं सगळं एकत्र: जॅक, टॉमी (पाना फिरवायचा दांडा), व्हील पाना, चाकाला लावायचे लाकडी ठोकळे. हवेच्या लाइनचं एकत्र, डिझेल लाइनचं एकत्र, वायरिंगचं एकत्र म्हणजे फ्यूज, बल्ब, टेप, टेस्टर. फाटक्या ताडपत्रीचे कप्पे शिवून गुंडाळ्या करा आणि प्रत्येकीला वेगळ्या रंगाचा पट्टा मारा, चाकाचं लाल, हवेचं निळं असं. डब्यांवर मराठीत आणि कन्नडमध्ये दोन्हीत लिहा, क्लिनर गोकाक-हुक्केरीकडचा असला तर त्याला पण नुसत्या हाकेवर मिळायला पायजे. पेटीच्या तळाला दोन भोकं पाडून वर रबरी मॅट टाका, पाणी थांबत नाही. बाटली जॅक उभाच ठेवा. कानशी एकमेकींवर टाकू नका, दात जातात.

पेटी लागली की गाडीकडं या. एअर ब्रेकवाल्या गाडीला माझ्या मते पहिला मान हवेच्या टाक्यांचा. कॉम्प्रेसर हवा दाबतोय तेव्हा हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊन टाकीच्या तळाला साचतंय. गाडी सपाटीला लावा, चाकांना ठोकळे द्या, खालचा ड्रेन कॉक (पाणी काढायची तोटी) हळूच उघडा आणि काय येतंय ते हातावर घेऊन बघा. नुसतं पाणी आलं तर ठीक, रोज काढत जा. दुधाळ चिकट काही आलं, तेलाचा वास आला, तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय, मेकॅनिकला दाखवा. मग हवा भरून इंजिन बंद करा आणि गेजवर नजर ठेवा. काटा भराभर उतरला तर जोडांवर साबणाचं पाणी लावा, बुडबुडा येईल तिथं गळती. वंटमुरी घाटातनं भरलेली गाडी उतरवणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगायला नको.

ग्रीसिंगचं तसंच. उसाच्या शेतातली माती निपलवर (ग्रीस भरायच्या तोंडावर) बसलेली असते, ती न पुसता गन लावली तर माती आतच जाते. आधी चिंधीनं निपल स्वच्छ करा, मग कडेनं जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारा. शॅकल पिन (पाट्यांच्या टोकाची), प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (मागच्या चाकांकडं जोर नेणाऱ्या दांड्याचे सांधे), किंगपिन (पुढचं चाक जिच्यावर वळतंय ती पिन). किंगपिनला चाक उचलून मारलं तर ग्रीस सगळीकडं पोचतंय. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र कधीच शिरायचं नाही, खाली घोडी (लोखंडी टेकू) पायजेच.

एअर फिल्टर जमिनीवर आपटू नका, कमी हवेनं आतनं बाहेर फुंका, आत बल्ब धरून बघा, कुठं प्रकाशाचा ठिपका दिसला तर बदला. डिझेल फिल्टरच्या सेपरेटरमधलं पाणी काढत जा. बॅटरी सोडताना निगेटिव्ह आधी, जोडताना शेवटी. टायरची नक्षी १.६ मिमीच्या खाली गेली की कायद्यानं पण टायर बाद. चाक बदललं की ५०-१०० किलोमीटरवर थांबून नट परत आवळा, आणि काही जुन्या गाड्यांना डाव्या बाजूचे नट उलट्या आट्यांचे असतात, जोर लावायच्या आधी बघून घ्या. बीएस-६ गाडीच्या डीईएफ (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रावणाच्या) टाकीत डिझेलचा थेंब जाऊ देऊ नका, त्याचं नरसाळं वेगळं आणि तेही वेगळ्या पिशवीत.

ब्रेक लायनिंग, स्टिअरिंग, इंजेक्टर पंप यांना घरी हात लावू नका, त्याला बेळगावात ऑटोनगरला, गॅरेजवाल्यांकडं जा. आणि काढलेलं काळं ऑइल गटारात किंवा शेतात ओतू नका, झाकणाच्या कॅनमध्ये साठवा आणि जुनं ऑइल रीतसर गोळा करणाऱ्याला द्या.