विद्यापीठाच्या खात्याला दुसरं कुलूप, रेंज नसतानाही उघडणारं

कॉलेजच्या मेलवर टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) सुरू करताना बहुतेक जण मोबाईल नंबर टाकतात आणि तिथेच थांबतात. आपल्या बेळगाव भागात हाच सगळ्यात कच्चा मार्ग आहे. जांबोटी-कणकुंबीकडे रेंज गेली की ओटीपीचा एसएमएस अडकतो आणि रेंज येईपर्यंत त्या कोडची मुदत संपलेली असते. चंदगडहून बेळगावला शिकायला आलेल्यांकडे तर घरचं एक आणि इकडचं एक अशी दोन सिम असतात. त्यातल्या एकाचा रिचार्ज राहतो आणि नंबर बंद पडतो. बंद झाल्यापासून ९० दिवस उलटले की कंपनी तो नंबर दुसऱ्या कुणालाही देऊ शकते. मग तुमचे ओटीपी त्याच्या हातात.

म्हणून मुख्य चावी मोबाईलमध्येच कोड तयार करणाऱ्या ऑथेंटिकेटर अ‍ॅपची ठेवा. जोडणी करताना अ‍ॅप आणि सर्व्हर या दोघांकडे एकच गुप्त किल्ली जाते. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांच्यावरून दर ३० सेकंदांनी ६ अंकी कोड तयार होतो. त्याला नेटही लागत नाही, सिमही लागत नाही. मोबाईल एअरप्लेन मोडवर असला तरी कोड येतो.

आधी तुमचा कॉलेजचा मेल गूगलवर आहे की मायक्रोसॉफ्टवर, ते लॉगिनच्या पानावरून ओळखा.

गूगल असेल तर मेलमध्ये उजव्या कोपऱ्यातल्या गोलावर टिचकी मारून 'मॅनेज युवर गूगल अकाउंट' उघडा, तिथून 'सिक्युरिटी' आणि मग 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'. हा पर्याय दिसतच नसेल तर कॉलेजची मेल खाती सांभाळणाऱ्या अ‍ॅडमिननं तो बंद ठेवलेला असतो. तुमच्या मोबाईलचा त्यात दोष नाही. आत 'ऑथेंटिकेटर' निवडलं की क्यूआर कोड येतो. तो अ‍ॅपमधून स्कॅन करा, अ‍ॅपनं दाखवलेले ६ अंक पानावर टाका आणि 'व्हेरिफाय' दाबा.

अनेकांकडे संगणक नसतो, एकच मोबाईल असतो. मग त्याच स्क्रीनवरचा कोड स्कॅन कशानं करायचा? क्यूआर कोडखाली 'कान्ट स्कॅन इट' असं असतं. ते दाबलं की अक्षरांची लांबलचक किल्ली दिसते. ती कॉपी करा, अ‍ॅपमध्ये अधिकच्या चिन्हावर जाऊन 'एंटर अ सेटअप की' निवडा, किल्ली चिकटवा आणि प्रकार 'टाइम बेस्ड' ठेवा. 'काउंटर बेस्ड' निवडलं गेलं तर एकही कोड चालणार नाही.

हे काम सायबरमध्ये किंवा जेरॉक्सच्या दुकानात करू नका. क्यूआर कोडचा फोटो म्हणजे किल्लीची नक्कल. ज्याच्याकडे तो फोटो, त्याच्याकडे तुमचेच कोड. तो व्हॉट्सअ‍ॅपवर मित्रालाही पाठवायचा नाही. फॉर्म भरून देणाऱ्यानं सोयीसाठी स्वतःचा नंबर तुमच्या खात्यात टाकलेला असेल तर तो आजच काढा. असं फार वेळा झालेलं असतं आणि परीक्षा फॉर्मच्या शेवटच्या दिवशी ते लक्षात येतं.

मायक्रोसॉफ्ट असेल तर 'व्ह्यू अकाउंट', मग 'सिक्युरिटी इन्फो', मग 'अ‍ॅड साइन-इन मेथड'. तिथं मायक्रोसॉफ्टचं अ‍ॅप जोडलं की लॉगिनच्या पानावर दोन अंकी आकडा दिसतो, तोच मोबाईलवर टाकायचा. त्यासाठी नेट हवं. नेट नसेल तर लॉगिनच्या पानावर दुसरी पद्धत निवडून अ‍ॅपमधला ६ अंकी कोड वापरता येतो. तुम्ही लॉगिन करत नसताना आकडा विचारला गेला, तर तुमचा पासवर्ड कुणाला तरी कळलेला आहे. नकार द्या आणि पासवर्ड लगेच बदला.

आता बॅकअप. ही पायरी सगळे सोडतात आणि खाती अडकतात ती इथेच. गूगलमध्ये 'बॅकअप कोड्स' दाबलं की ८ अंकी १० कोड मिळतात. प्रत्येक कोड एकदाच चालतो आणि नवा संच काढला की जुना बाद होतो. ते हातानं वहीत उतरवा आणि वही घरी ठेवा. मोबाईलमध्ये स्क्रीनशॉट ठेवून उपयोग नाही, कारण मोबाईल हरवला की तोही गेला. मायक्रोसॉफ्टच्या कॉलेज खात्याला असे कोड मिळत नाहीत. तिथं दुसरी पद्धत म्हणून, कॉलेजनं परवानगी दिली असेल तर, आई-वडिलांचा कायम चालू असणारा नंबर जोडा.

कोड बरोबर टाकूनही 'चुकीचा' म्हणत असेल तर नव्वद टक्के शंका घड्याळावर घ्या. मोबाईलची तारीख आणि वेळ 'ऑटोमॅटिक' करा. हातानं लावलेलं घड्याळ पुढं-मागं असलं तर कोड जुळेलच असं नाही.

नवा मोबाईल घेतलात तर जुना रिसेट करायची किंवा विकायची घाई नको. गूगलच्या अ‍ॅपमध्ये 'ट्रान्सफर अकाउंट्स' वापरून खाती नव्यावर न्या. मायक्रोसॉफ्टचं कॉलेज खातं मात्र नव्या मोबाईलवर पुन्हा जोडावं लागतं. अ‍ॅपचा बॅकअप परत आणला तरी. नव्या मोबाईलच्या कोडनं एकदा लॉगिन झालं की मगच जुना पुसा.

सगळंच हातातून गेलं तर गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या मदत केंद्राकडे खेपा घालू नका. कॉलेजचं खातं मोकळं करण्याचा अधिकार कॉलेजच्या अ‍ॅडमिनकडे असतो. ओळखपत्र घेऊन स्वतः जा आणि दुसरा टप्पा रिसेट करून मागा. फोनवर 'ओटीपी सांगा, मी रिसेट करतो' म्हणणारा अ‍ॅडमिन नव्हे. सांगून बसला असाल आणि पैसे गेले असतील तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच कळवा.