शब्द सुचत नसतील तेव्हाची उपासना

घरात मृत्यू झाला, मोठं आजारपण आलं, नोकरी गेली किंवा नातं तुटलं की उपासना हळूहळू सुटत जाते. दर वेळी विश्वास संपलेला असतोच असं नाही. बहुतेकांना वाटतं की मनात स्तुती नसताना देवापुढे बसणं म्हणजे ढोंग. पण बायबलमधली स्तोत्रसंहिता उघडून पाहा. १५० स्तोत्रांत विलापाची स्तोत्रं इतर कुठल्याही प्रकारापेक्षा जास्त आहेत, आणि ती मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, उपासनेत म्हटली जात आली आहेत. रडत, तक्रार करत देवासमोर बसणं हीच त्या दिवसाची खरी उपासना असू शकते. पुढचं सगळं मार्गदर्शन याच आधारावर आहे.

सुरुवात शरीरापासून करा. बायबलच्या १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतो. देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, पुन्हा उठवून खायला घालतो, आणि त्यानंतरच एलीया होरेब या देवाच्या डोंगराची वाट धरतो. दोन रात्री झोप नसेल तर पहाटे चारला उठून तासभर प्रार्थनेचा संकल्प करू नका. आधी जेवा, झोपा. उपाससुद्धा अशा काळात सांभाळून करा. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, औषधं चालू असतील किंवा भूकच मेली असेल, तर अन्नाचा उपास नको. त्याऐवजी संध्याकाळी ठरावीक वेळ फोन बंद ठेवून तो वेळ प्रार्थनेला द्या.

वेळ लहान आणि ठरलेली असू द्या. दिवसाला पंधरा मिनिटं पुरतात. आदल्या रात्रीच तीन गोष्टी ठरवा: कुठे बसायचं, किती वाजता, आणि कुठलं स्तोत्र. शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, खूण घालून ठेवा. दुःखात निर्णय घेण्याची शक्ती फार लवकर संपते, आणि सकाळी “आज काय वाचू” या प्रश्नावरच बैठक मोडते. डोळे मिटून कुठलंही पान उघडायची सवय याच कारणासाठी टाळा. वंशावळी किंवा न्यायाचा एखादा कठोर उतारा समोर आला, तर घाबरलेलं मन त्यातून स्वतःविरुद्धचा निरोप वाचतं.

बसल्यावर दोन मिनिटं गप्प राहा. मग स्तोत्र मोठ्याने वाचा, हळू, दोनदा. मोठ्याने का? मनातल्या मनात वाचताना डोळे ओळींवरून घसरत जातात आणि शेवटी काहीच हाती लागत नाही. स्वतःचा आवाज कानावर पडला की लक्ष परत जागेवर येतं. पहिल्या आठवड्यासाठी १३, २३, २७, ४२, ७७, १२१ आणि १३० ही स्तोत्रं घ्या, रोज एक. ४२ वाचाल त्या दिवशी ४३ जोडूनच वाचा. “हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास” हा चरण दोन्हींत मिळून तीनदा येतो. स्तोत्रकर्त्याला एकदा म्हणून धीर आला नाही. तो पुन्हा पुन्हा स्वतःला समजावतो.

वाचन झालं की प्रार्थना. इथेच सगळ्यात जास्त अडतं, म्हणून थोडं थांबून पाहू. १३ वं स्तोत्र अवघ्या सहा ओव्यांचं आहे आणि त्यात विलापाची पूर्ण रचना सापडते. पहिल्या दोन ओव्यांत तक्रार आहे, “किती वेळ?” हा प्रश्न चार वेळा. पुढच्या दोन ओव्यांत मागणी. शेवटच्या दोन ओव्यांत भरवसा. एक वही घ्या आणि तुमची प्रार्थना याच तीन भागांत लिहा.

तक्रारीच्या भागात घडलंय ते नेमकं सांगा: “प्रभू, तीन महिने झाले, कामाचा एकही निरोप नाही. घरचे झोपल्यावर मला भीती वाटते. तू ऐकतोस असं जाणवत नाही.” अशा तीनचार ओळी पुरे. मागणीत आजच्या गरजेचं एकच काम मागा: “गुरुवारच्या मुलाखतीत माझं मन शांत ठेव.” आणि भरवशासाठी एकच वाक्य, जेवढं प्रामाणिकपणे म्हणता येईल तेवढंच: “तरी मी तुझ्या दयेला धरून राहतो.” तेवढंही जमत नसेल तर “तुला धरून राहायची इच्छा दे” असं लिहा. तीही प्रार्थनाच आहे.

यात तीन ठिकाणी बिघडतं. पहिलं म्हणजे तक्रार गाळून थेट “सगळं तुझ्या इच्छेप्रमाणे” म्हणणं. ऐकायला ते भक्तीचं वाटतं, पण न बोललेला राग आत तसाच राहतो आणि काही दिवसांनी प्रार्थनाच नकोशी होते. येशूनेही अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत आधी दुःखाचा प्याला टळू दे असं मागितलं, मग पित्याच्या इच्छेला स्वतःला वाहिलं. तो क्रम तसाच राहू द्या. दुसरं, रोज तक्रारीवरच थांबणं. तसं होत असेल तर ७७ वं स्तोत्र घ्या. त्याच्या मध्यावर स्तोत्रकर्ता देवाची जुनी कृत्यं आठवायचं ठरवतो. वहीच्या मागच्या पानावर देवाने आजवर निभावून नेलेल्या पाच प्रसंगांची यादी तारखांसकट करा आणि तक्रारीनंतर त्यातला एक वाचा. तिसरी चूक मोघम मागण्याची: “माझं भलं कर” म्हटलं की उत्तर आलं तरी ओळखू येत नाही.

एखाद्या दिवशी भरवशाचं वाक्य उमटतच नाही. त्या दिवशी ८८ वं स्तोत्र वाचा आणि वही मिटा. ते स्तोत्र अंधारावरच संपतं, तरी शास्त्रात आहे. बोलायचीच ताकद नसेल तर २ इतिहास २०:१२ मधली यहोशाफाट राजाची प्रार्थना घ्या: काय करावं ते आम्हांला कळत नाही, पण आमचे डोळे तुझ्याकडे लागले आहेत. दवाखान्याच्या बाकावर, रांगेत, रात्री दचकून जाग आल्यावर एवढंच म्हणावं.

गाण्याबद्दल थोडक्यात. नवीन गीत शिकायची ही वेळ नाही. तोंडपाठ असलेलं एक निवडा, खालच्या पट्टीत घ्या, एकच कडवं म्हणा. गळा दाटला तर कडवं वाचा, किंवा दुसऱ्या कुणाला गाऊ द्या आणि ऐका. फिलिप्पै शहराच्या तुरुंगात प्रेषित पौल आणि त्याचा सोबती सीला मध्यरात्री गात होते, पण दोघं एकत्र होते, आणि हा भाग आपण नेहमी विसरतो.

भरवसा दिवसापुरता मागायला शिका. निर्गम १६ मध्ये मान्ना, म्हणजे देवाने रानात इस्राएल लोकांना दिलेलं अन्न, रोज गोळा करायचा होता. शब्बाथाच्या, म्हणजे विसाव्याच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घ्यायचा. एरवी उद्यासाठी उरवलेल्या मान्न्यात किडे पडले. कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आज तुमच्या हातात असलेली कामं लिहा: डॉक्टरांना फोन, बँकेत अर्ज, जेवण. उजवीकडे हातात नसलेल्या गोष्टी: तपासणीचा निकाल, दुसऱ्याचं मन. उजवी बाजू नाव घेऊन प्रार्थनेत देवाला द्या, डावीकडची कामं करा. औषध घेणं, समुपदेशकाकडे जाणं, कर्जाबद्दल जाणत्या माणसाशी बोलणं यांतलं काहीही अविश्वासाचं लक्षण नाही.

मंडळीत जाणं मात्र सोडू नका. पूर्ण उपासना झेपत नसेल तर मागच्या बाकावर बसा, प्रभुभोजनापर्यंत (भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीपर्यंत) थांबा, निघून या. सगळ्यांना सगळं सांगायची गरज नाही. एका विश्वासू माणसाला नेमकं सांगा: “मंगळवारी शस्त्रक्रिया आहे, सकाळी नऊला माझ्यासाठी प्रार्थना करा.” याकोब ५:१४ आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना, म्हणजे जबाबदार ज्येष्ठांना, बोलवावं असं सांगतं. म्हणजे निरोप आपणच पाठवायचा असतो; पाळक आपोआप ओळखतील अशी वाट पाहत बसल्याने कितीतरी माणसं दुखावून मंडळीपासून दूर गेली आहेत. जगणं नको असे विचार येत असतील तर आजच, आत्ता कुणाला तरी जवळ बोलवा आणि डॉक्टरांकडे जा. पंधरा मिनिटांची बैठक त्यानंतर.

सोबत करणाऱ्यांनी बायबलमधल्या ईयोबाच्या, मुलंबाळं आणि आरोग्य गमावलेल्या माणसाच्या, मित्रांचे पहिले सात दिवस आठवावेत. ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि एक शब्दही बोलले नाहीत. चूक झाली ती बोलायला लागल्यावर. रोमकरांस ८:२८, म्हणजे देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सगळ्या गोष्टी मिळून भल्याच्या ठरतात हे वचन, खरं आहे, पण अंत्यविधीच्या दारात ते ऐकवू नका. डबा आणा, दवाखान्यात सोबत बसा.

“हे केलंस तर मी दर महिन्याला इतकं देईन” असा सौदा देवाशी करू नका. सौद्यातून भीती वाढते, आणि मागितलेलं मिळालं नाही की दोष स्वतःच्या विश्वासावर येतो. पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा निघाला नाही, कृपा पुरी पडेल असं उत्तर मिळालं. राजाच्या मूर्तीला नमन न केल्याने जळत्या भट्टीची धमकी मिळालेले शद्रख, मेशख आणि अबेदनगो म्हणाले की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने सोडवलं नाही तरी आम्ही मूर्तीला नमन करणार नाही. मागणी लिहिताना दोन्ही शक्यता लिहा: हवं असलेलं उत्तर, आणि त्याखाली “नाही मिळालं तरी तुझ्याजवळ राहायला मदत कर.”

काही दिवस बैठक चुकेल. त्याची भरपाई म्हणून दुसऱ्या दिवशी तीन स्तोत्रं वाचू नका, माफीतच पंधरा मिनिटं घालवू नका. खूण जिथे आहे तिथून पुढचं एक स्तोत्र मोठ्याने वाचा.