पांढरी कड फसवते: डार्करूममधील दिव्याच्या या चुका टाळा

डार्करूममध्ये, म्हणजे फोटो छापण्याच्या अंधाऱ्या खोलीत, काढलेल्या प्रिंटमधला पांढरा भाग मळकट दिसू लागला की पहिला संशय जुन्या पेपरवर किंवा चित्र उमटवणाऱ्या थकलेल्या रसायनावर, म्हणजे डेव्हलपरवर, जातो, दिव्याकडे सहसा कुणी पाहत नाही. परळच्या घरी न्हाणीघरात थाटलेल्या डार्करूममध्ये मीही पेपरची दोन पाकिटे अशीच वाया घालवली. दोष निघाला लाल रंग फासलेल्या झिरो बल्बचा. बल्ब तापून रंगाला केसाएवढे तडे गेले होते आणि त्यांतून पांढरा प्रकाश झिरपत होता.

कृष्णधवल छपाईचा पेपर निळ्या प्रकाशाने काळवंडतो आणि मल्टिग्रेड (कॉन्ट्रास्ट कमीजास्त करता येणारा) पेपर हिरव्यानेही, म्हणून डार्करूमचा दिवा, म्हणजे सेफलाइट, नुसता ‘लालसर दिसतो’ एवढ्यावर विसंबू नये. पेपर बनवणाऱ्याने सांगितलेलाच फिल्टर, 15 वॅटचा बल्ब आणि किमान 4 फूट अंतर ठेवावे. आपल्याकडच्या न्हाणीघरात 4 फूट मिळणे मुश्किलच, तेव्हा दिवा छताकडे वळवावा. परावर्तित उजेड कामापुरता होतो. फिल्टरही वर्षानुवर्षे वापरून फिके पडतात.

सर्वांत फसवी चूक तपासणीतली आहे. कोरा पेपर सेफलाइटखाली ठेवून धुतला आणि तो पांढराच राहिला म्हणजे दिवा निर्धोक, असे मानले जाते. परंतु कोऱ्या पेपरला काळे पडायला काही किमान प्रकाश लागतो आणि एन्लार्जरखालून (निगेटिव्हचे चित्र मोठे करून पेपरवर पाडणाऱ्या यंत्राखालून) आलेल्या पेपरने तो उंबरठा आधीच ओलांडलेला असतो. त्यामुळे एन्लार्जरचा प्रकाश न पडलेली प्रिंटची कड स्वच्छ राहते आणि चेहऱ्यावरचा उजळ भाग मात्र करडा होतो. म्हणून सेफलाइट बंद ठेवून, धुतल्यावर फिकट करडा येईल एवढाच प्रकाश एन्लार्जरने पेपरला द्यावा, त्यावर नाणे ठेवावे, सेफलाइट लावून 7 मिनिटे थांबावे आणि मग सेफलाइट विझवून अंधारातच पेपर धुवावा. नाण्याचा फिकट गोल उमटला, तर दिवा बदलण्यावाचून गत्यंतर नाही.

नेहमीच्या पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सर्व रंगांचा प्रकाश टिपणाऱ्या, फिल्मला कोणताच सेफलाइट चालत नाही. फिल्म धुण्याच्या टाकीत भरून तिचे झाकण लागेपर्यंत पूर्ण अंधार हवा, आणि मुंबईत रात्रसुद्धा काळी नसते. 10 मिनिटे अंधारात बसल्यावरच एक्झॉस्ट फॅनची फट, दाराखालची रेघ आणि विझवलेल्या ट्यूबलाइटची मंद चमक डोळ्यांना दिसू लागते. गीझरच्या दिव्यावर काळी चिकटपट्टी लावावी. ती वाफेने सुटते, म्हणून फिल्म भरण्याआधी दर वेळी बोटाने दाबून पाहावी.