औषध घातलं तरी पिसवा जात नाहीत? या चुका टाळा

रात्री दीड-दोनच्या सुमाराला तो आवाज यायचा. माझा कुत्रा शेरू मागचा पाय मानेपर्यंत नेऊन खाजवायचा आणि प्रत्येक झटक्याला पाय फरशीवर आपटायचा, ढप ढप ढप. मग थोडी शांतता, आणि लगेच शेपटीच्या मुळाशी दात लावून कुरतडणं सुरू. तीन महिने हे चाललं होतं. पिसवांनी जितका त्रास दिला, त्याहून जास्त वेळ माझ्या चुकांनी खाल्ला. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्या तरी मी स्वतः केलेल्या आहेत.

"दिसत नाहीत, म्हणजे नसतील"

पिसू फार तर २-३ मिलीमीटरची, तपकिरी रंगाची, आणि दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी चपटी. दाट केसांतून ती सरसर पळते. तुम्ही केस बाजूला करेपर्यंत ती दोन बोटं पुढे गेलेली असते. त्यामुळे पिसू शोधत बसू नका, तिची विष्ठा शोधा. ती जागेवर राहते आणि खोटं बोलत नाही.

कुत्र्याला पांढऱ्या कापडावर उभं करा. उवांसाठी वापरतात तशी बारीक दातांची फणी घ्या आणि शेपटीचं मूळ, कमरेचा भाग, मांड्यांची आतली बाजू आणि पोट इथे केसांच्या मुळापासून फिरवा. फणीत किंवा कापडावर मिरपूड सांडल्यासारखे काळे कण येतील. ते ओल्या टिश्यू पेपरवर ठेवून मिनिटभर थांबा. साधी माती काळीच राहते. पिसवांची विष्ठा म्हणजे पचलेलं रक्त, त्यामुळे तिच्याभोवती तांबूस कडा पसरते. मी तब्बल दोन आठवडे ते कण झटकून टाकत होतो. अंगणात लोळतो, माती असणार, अशी माझी खात्री. टिश्यूवर पहिल्यांदा ती लालसर कडा उमटलेली पाहिली तेव्हा पोटात गोळा आला.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. काही कुत्र्यांना पिसूच्या लाळेची ॲलर्जी असते. त्यांना दोन-चार चावेही दिवसेंदिवस खाजवायला पुरतात. असा कुत्रा स्वतःला इतकं चाटतो आणि कुरतडतो की पिसवा गिळूनच टाकतो. म्हणजे सगळ्यात जास्त खाजवणाऱ्या कुत्र्याच्या अंगावर एकही पिसू सापडत नाही, असंही होतं. कमरेवरचे केस गेलेत, कातडी लाल किंवा जाड झाली आहे आणि तरी पिसू दिसत नाही, तर "पिसवा नाहीत" असा निकाल घाईने देऊ नका.

गोचीड, उवा, पिसवा: सगळं एकच समजणं

गोचीड कातडीला चिकटून बसते, रक्त पिऊन फुगते, तिला आठ पाय असतात आणि ती उडी मारत नाही. उवा हळू चालतात आणि त्यांच्या लिखा केसाला घट्ट चिकटलेल्या असतात. पिसू पळते, उड्या मारते, आणि तिची अंडी केसाला चिकटत नाहीत. हा फरक औषध निवडताना कामाला येतो, कारण पिसवांवर चालणारं प्रत्येक औषध गोचिडींवर चालतंच असं नाही.

उलटी चूकही होते. कुत्रा मुख्यतः पंजे चाटत असेल, कान हलवत असेल किंवा तोंड घासत असेल, तर कारण बहुधा वेगळं असतं. कानात संसर्ग, खरूज, खाण्याची ॲलर्जी, काहीही असू शकतं. अशा वेळी पिसवांची औषधं एकामागून एक बदलण्यात अर्थ नाही.

फक्त कुत्र्यावर उपचार करणं

आता मूळ मुद्दा. कुत्र्याच्या अंगावर दिसतात त्या प्रौढ पिसवा, आणि त्या एकूण संख्येचा अगदी छोटा भाग असतात. ढोबळ हिशेब असा सांगतात की अंगावर ५ टक्के, आणि उरलेल्या ९५ टक्के अंडी, अळ्या व कोशांच्या रूपात घरात.

पिसवा कुत्र्यावरून कुत्र्यावर सारख्या उड्या मारत फिरतात असा समज आहे. प्रत्यक्षात प्रौढ पिसूला एकदा कुत्रा मिळाला की ती शक्यतो तिथेच मुक्काम ठोकते. रक्त प्यायल्यावर एक-दोन दिवसांत अंडी घालायला लागते, आणि ऐन भरात असलेली मादी दिवसाला ४०-५० अंडी घालते. ही अंडी पांढरी, गुळगुळीत, अर्ध्या मिलीमीटरची. कुत्रा उठला, अंग झटकलं, की मिठासारखी खाली पडतात. म्हणजे तो जिथे जास्त झोपतो तिथे सगळ्यात जास्त. सोबत विष्ठेचे कणही पडतात, आणि अंड्यातून निघालेल्या अळ्या तेच खाऊन वाढतात. आईने पिल्लांबरोबर शिदोरीही खाली टाकावी, तसा हा प्रकार. अळ्यांना उजेड सोसत नाही, म्हणून त्या गालिच्याच्या मुळाशी, सोफ्याच्या फटीत, गादीखाली शिरतात. हवा कोरडी असेल तर मरतात, दमट असेल तर त्यांचं फावतं.

त्यानंतर अळी कोश विणते. कोश चिकट असतो, त्याला धूळ आणि धागे चिकटून तो दिसेनासा होतो, आणि फवारणीचं औषध त्याच्या आत पोचत नाही. आतली पिसू तयार होऊनही लगेच बाहेर येत नाही. कंप, ऊब आणि श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की मगच निघते. कोणी जवळ फिरकलंच नाही, तर कित्येक महिने आत वाट पाहते. बंद घर उघडून आत शिरावं आणि पहिल्याच तासात घोट्यांवर चावे उठावेत, याचं कारण हेच.

तेव्हा घराचं काम टाळता येत नाही. कुत्र्याचं अंथरूण दर आठवड्याला ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात धुवा. व्हॅक्यूम क्लीनर गालिचावर, सोफ्याच्या फटींत, पलंगाखाली, भिंतीच्या कडांनी फिरवा. गाडीत नेत असाल तर सीटही विसरू नका. व्हॅक्यूमने अंडी आणि विष्ठा तर निघतेच, शिवाय त्याच्या कंपाने कोशातल्या पिसवा बाहेर येतात, म्हणजे औषधाच्या तावडीत येतात. काम झालं की पिशवी बांधून लगेच घराबाहेर टाका.

घरात फवारणार असाल तर डब्यावर मेथोप्रीन किंवा पायरिप्रॉक्सिफेन ही नावं शोधा. ही औषधं अंडी आणि अळ्यांची वाढ रोखतात. फवारताना आणि सगळं वाळेपर्यंत माणसं-जनावरं बाहेर ठेवा. माशांची टाकी असेल तर विशेष सांभाळा, पुष्कळ फवाऱ्यांतली पर्मेथ्रिनसारखी कीटकनाशकं माशांना फार घातक असतात. आणि घरात दुसरा कुत्रा किंवा मांजर असेल, तर तेही खाजवत नसलं तरी त्याच्यावर उपचार एकाच वेळी हवेत.

दोन आठवड्यांत "औषध चालत नाही" म्हणणं

माझी सगळ्यात महागात पडलेली चूक. औषध घातलं, आठवडाभर शेरू शांत झोपला, आणि मग फणीत पुन्हा दोन जिवंत पिसवा. मी वैतागून दुसरं औषध आणलं. पहिल्याचा असर अंगात असतानाच वरून दुसरं. नशीब की शेरूला एका दिवसाच्या सुस्तीवर निभावलं.

त्या दोन पिसवा जुन्या नव्हत्याच. औषध घालण्याच्या आधी पडलेल्या अंड्यांतून तयार झालेल्या, कोशातून नुकत्या निघालेल्या होत्या. त्या अंगावर चढणार आणि मग मरणार. औषध काम करत असतानाही घरातला हा साठा संपेपर्यंत अधूनमधून पिसवा दिसतातच. अंडं ते पिसू हे चक्र अनुकूल हवेत तीन-चार आठवड्यांचं असतं, आणि मागे राहिलेले कोश ते आणखी लांबवतात. म्हणून एकही मात्रा न चुकवता किमान तीन महिने धरून चला. आंघोळ घातली, पिसवा वाहून गेल्या, काम संपलं, असं होत नाही.

अर्ध्या तासात पिसवा मारायला लागणारी नायटेनपायरमची गोळी मिळते. फार त्रास असेल तर तिने कुत्र्याला सुटका मिळते, पण तिचा असर दिवसभराचाच. एकटी ती पुरणार नाही.

औषध केसांवर ओतणं

मानेवर टाकायचं स्पॉट-ऑन औषध कातडीवर पडलं पाहिजे. केसांवर ओतलं की निम्मं केसांतच वाळतं आणि कुत्रा अंथरुणाला घासून उरलेलं पुसून टाकतो. दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे जीभ पोचत नाही तिथे, बोटांनी केसांचा भांग पाडा. गुलाबी कातडी दिसली की नळीचं टोक तिला टेकवा आणि सगळं पिळा. मोठ्या कुत्र्याला कधी पाठीवर तीन-चार जागी विभागून टाकायला सांगतात, ते पाकिटावर लिहिलेलं असतं.

आधी शाम्पूने घसघसून आंघोळ घालून मग औषध टाकायचं, हेही मी मोठ्या निष्ठेने केलं. फिप्रोनिलसारखी औषधं कातडीतल्या तेलकटपणाबरोबर अंगभर पसरतात. तेच धुऊन काढलं तर औषध पसरणार कशाच्या जोरावर? बहुतेक स्पॉट-ऑनच्या पाकिटावर आधीचे आणि नंतरचे २ दिवस आंघोळ नको असं छापलेलं असतं. वाचा.

जिवावर बेतणाऱ्या चुका

आतापर्यंतच्या चुकांनी फक्त वेळ आणि पैसे जातात. या वेगळ्या आहेत.

कुत्र्यासाठीचं पर्मेथ्रिन असलेलं औषध मांजरीला कधीही लावू नका. मांजरीच्या शरीराला ते विघटित करता येत नाही. थरथर, झटके, आणि वेळेत उपचार न मिळाल्यास मृत्यू. कुत्र्याला लावल्यावर तो वाळेपर्यंत मांजरीला त्याच्याजवळ लोळू किंवा त्याला चाटू देऊ नका.

मोठ्या कुत्र्याची मात्रा "अर्धी-अर्धी करून" दोन लहानांना देणं ही बचत नाही. मात्रा वजनावर ठरते, तेव्हा आधी वजन करा, अंदाज बांधू नका.

ॲफोक्सोलॅनर, फ्लुरालॅनर, सॅरोलॅनर, लोटिलॅनर या तोंडावाटे द्यायच्या नव्या गोळ्या पिसवांवर उत्तम चालतात. पण तुमच्या कुत्र्याला कधीही फिट आली असेल, तर डॉक्टरांना ते आधी सांगा. या गटाच्या औषधांनी काही जनावरांत झटके येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१८ मध्ये दिला आहे.

घरगुती उपायांच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. लसूण कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतो. टी ट्री तेल न पातळ करता लावलं तर विषबाधा होते. डांबराच्या गोळ्या आणि रॉकेल यांचं तर नावही काढू नका. "नैसर्गिक" या एका शब्दाने काहीही निरुपद्रवी होत नाही. बिनधोक म्हणावा असा घरगुती उपाय एकच, फणी. फणीत आलेली पिसू नखाने चिरडायला जाऊ नका, निसटते. साबणाच्या पाण्याच्या वाडग्यात फणी बुडवा, पिसू बुडून मरते. साध्या पाण्यावर ती तरंगते, साबण हवाच.

आठ आठवड्यांखालच्या पिल्लांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलंही औषध नको. तोवर फणी आणि धुतलेलं अंथरूण. मात्र पिल्लू मलूल असेल आणि हिरड्या गुलाबी न दिसता पांढरट दिसत असतील, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगावर पुष्कळ पिसवा असल्या तर इवल्याशा पिल्लाचं रक्त इतकं जातं की ते दगावू शकतं.

शेपटीखालचे तांदळाचे दाणे

पिसवा आटोक्यात आल्या असं वाटत असताना शेरूच्या अंथरुणावर वाळक्या तांदळाच्या दाण्यांसारखं काहीतरी दिसलं. एक हलत होता. ते पट्टकृमीचे, म्हणजे आतड्यात राहणाऱ्या चपट्या जंताचे तुकडे. पिसूची अळी या कृमीची अंडी खाते, कृमी पिसूच्या पोटात वाढतो, आणि कुत्रा कुरतडताना ती पिसू गिळतो. इथे चूक अशी होते की घरात असलेली जंताची कुठलीही गोळी देऊन टाकायची. सगळ्याच गोळ्या पट्टकृमीवर चालत नाहीत. त्यासाठी प्राझिक्वांटेल असलेली लागते, आणि तीही पिसवा जाईपर्यंत पुरत नाही. पुढची पिसू गिळली की कृमी पुन्हा आलाच.

शेरूच्या फणीत अकराव्या आठवड्यात पहिल्यांदा नुसते केस आले. टिश्यू ओला करून खात्री केली, कडा उमटली नाही. औषध मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला चालूच आहे, आणि फणी दाराजवळच्या खिळ्याला टांगलेली असते.