आधी झाडलोट, मग लेखन: को-वर्किंगच्या विकीवर काम करू पाहणाऱ्यांसाठी

को-वर्किंगच्या, म्हणजे भाड्यानं टेबल घेऊन अनेकांनी एकत्र काम करायच्या, जागांची माहिती देणाऱ्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या विकीवर (कोणीही सुधारू शकेल अशा संकेतस्थळावर) काम करायचंय, सुरुवात कुठून करू, असं बडोद्यातली मुलं आताशा बरेचदा विचारतात. विचारणारे साधारण दोन प्रकारचे. एक म्हणजे सयाजीराव विद्यापीठात ग्रंथालयशास्त्र किंवा संगणक शिकणारे, ज्यांना बायोडेटात दाखवण्याजोगं काहीतरी हवं असतं. दुसरे, अलकापुरी, सयाजीगंज, गोत्री अशा भागांत महिन्याच्या भाड्यानं एक टेबल घेऊन बसणारे फ्रीलान्सर. दोघांनाही माझं सांगणं एकच: नवीन लेख लिहायला घेऊ नका. निदान पहिले काही आठवडे तरी नाही. जे लिहिलेलं आहे, ते अजून खरं आहे का, एवढंच बघा.

ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटलेलं असतं, आपण 'को-वर्किंगचे फायदे' वगैरे लिहू. ते लिहिणारे पुष्कळ आहेत हो.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे हा हट्ट कशासाठी ते कळेल. ब्रॅड न्यूबर्ग या प्रोग्रामरनं 9 ऑगस्ट 2005 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत स्पायरल म्यूझ नावाच्या जागेत, आठवड्यातून दोन दिवस, घडीची टेबलं मांडून को-वर्किंग सुरू केलं. सुरुवातीला कोणी फिरकलंच नाही. पुढे त्या वर्तुळात क्रिस मेसिना, टॅरा हंट अशी माणसं आली, आणि जागा कशी उघडावी, भाडं किती ठेवावं, सभासदांशी कसं वागावं हे सगळं एका खुल्या विकीवर लिहून ठेवायची पद्धत पडली. कोणीही वाचा, कोणीही सुधारा. त्यातूनच 'को-वर्किंग व्हिसा'ही निघाला: एका जागेचा सभासद दुसऱ्या गावी गेला, तर तिथल्या जागेत काही दिवस फुकट बसू शकेल. कल्पना फार सुरेख. पण तिचा सगळा भार एका यादीवर. यादीतली जागा सहा महिन्यांपूर्वी बंद पडली असेल, तर लॅपटॉपची बॅग खांद्यावर घेऊन आलेला माणूस कुलूप बघून परत जाणार. 2020 साली महामारीत जगभर जागा बंद झाल्या तेव्हा अशा याद्यांचं काय झालं असेल, याची कल्पना करा. जागा गेल्या, नोंदी मात्र तशाच राहिल्या.

नव्या माणसाला वाटतं, विकीचा शत्रू म्हणजे त्यावर घाण करणारा. तसं नाही. कोणी पान पुसलं, शिव्या लिहिल्या, तर ते दिसतं. आधीच्या सगळ्या आवृत्त्या जपलेल्या असतात, एका क्लिकवर पान पूर्ववत होतं. शिळी माहिती मात्र चांगल्या माहितीसारखीच दिसते. व्याकरण ठीक, फोटो ठीक, फोन नंबरही दहा आकडीच. ती शोधायला माणूसच लागतो, आणि तोही त्या गावचा लागतो. सॅन फ्रान्सिस्कोत बसलेल्या कार्यकर्त्याला बडोद्यातली नोंद खरी की खोटी हे कळायचा मार्ग नाही. तुमची किंमत आहे ती इथे.

आता एक नोंद जवळून बघू. आपल्या शहरातल्या जागांच्या नोंदी बहुधा अशा असतात: 'शांत वातावरण, वेगवान इंटरनेट, 24 तास वीज, पार्किंगची सोय.' चारही गोष्टी वाचायला बऱ्या. आता एकेक उकला.

'24 तास वीज' म्हणजे काय? इथली वीज कंपनी एमजीव्हीसीएल दुरुस्तीसाठी सकाळी वीज बंद ठेवते, तेव्हा इन्व्हर्टरवर काय काय चालतं? बऱ्याच ठिकाणी दिवे, राउटर आणि पंखे चालतात, एसी बंद पडतो. मे महिन्यात दुपारी एसी नसलेल्या काचेच्या खोलीत दोन तास व्हिडिओ कॉल करून बघा, मग हा तपशील का लिहायचा ते समजेल. जनरेटर असेल तर तो सुरू होईपर्यंत राउटर तग धरतो का? प्रश्न साधा आहे, पण रिसेप्शनवर विचारला की बहुतेकदा उत्तर येतं, 'सगळं चालतं.' मग तिथे नेहमी बसणाऱ्या एखाद्याला विचारायचं. तो खरं सांगतो, कारण त्याचाच कॉल तुटलेला असतो.

'पार्किंगची सोय' याचा अर्थ इथे बहुतेक वेळा तळघर. आणि बडोद्यात तळघर म्हटलं की विश्वामित्री आठवलीच पाहिजे. ऑगस्ट 2024 मध्ये नदीला पूर आला तेव्हा शहराचे कितीतरी भाग पाण्याखाली होते, आणि नदीतल्या मगरी वस्तीत शिरल्याच्या बातम्या देशभर झळकल्या. बाहेरच्याला मगरींची गंमत वाटते. आपल्याला प्रश्न वेगळा: त्या इमारतीच्या तळघरात पाणी शिरलं होतं का, आणि जागेचा सर्व्हर किंवा बॅटऱ्या तळमजल्यावर आहेत का? जगातल्या कुठल्याही नमुना फॉर्ममध्ये हा रकाना तुम्हाला मिळणार नाही. आपणच तो घालायचा.

तसंच सणांचं. 14 आणि 15 जानेवारीला उत्तरायणात अख्खं शहर गच्चीवर असतं, त्या दिवशी जागा उघडी आहे का? नवरात्रात सकाळी किती वाजता उघडते? रात्रभर गरबा झाल्यावर सकाळी नऊला दार उघडायला कोणी येईल, असं नोंदीतल्या वेळापत्रकावर विसंबून धरू नये.

दराचं तर विचारूच नका. महिन्याचा आकडा लिहिलेला असतो, त्यात 18 टक्के जीएसटी धरलाय की नाही हे लिहिलेलं नसतं. अनामत किती, ती परत कधी, जागा सोडायला किती दिवस आधी कळवायचं, हेही नसतं. आणि नवा व्यवसाय सुरू करणाऱ्याला ज्याची सगळ्यात जास्त गरज असते, तेच कुठे सापडत नाही: जीएसटी नोंदणीसाठी हा पत्ता वापरू देतात का? देत असतील तर करारपत्र, ना-हरकत पत्र आणि वीजबिलाची प्रत मिळते का? ही एक ओळ असलेली नोंद दहा छान फोटोंच्या नोंदीपेक्षा मला जास्त मोलाची वाटते.

माहिती विचारताना आपण कोण, कशासाठी विचारतोय, हे आधी सांगा. ग्राहक असल्याचं नाटक करू नका. शहर लहान आहे, दोन दिवसांत कळतं. एका ठिकाणी रिसेप्शनवरच्या बेननं माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'आमां अमारे शुं आपवानुं?' यात आम्हाला किती द्यायचे, असं. काहीच नाही म्हटल्यावर तिला जास्तच संशय आला. चहा मात्र दिला, आणि इन्व्हर्टर कुठे ठेवलाय तेही दाखवलं.

मालकमंडळी स्वतःच येऊन आपल्या जागेचं कौतुक लिहून जातात, हे नेहमीचं. 'शहरातली सर्वोत्तम जागा', 'प्रेरणादायी वातावरण'. नवे कार्यकर्ते अशा वेळी तावातावानं सगळं उडवून टाकतात, आणि मालक कायमचा दुखावतो. त्यानं लिहिलेल्यातून विशेषणं काढा, आकडे ठेवा, आणि नसलेले आकडे त्यालाच मागा: खुर्च्या किती, बंद दाराच्या खोल्या किती, रविवारी उघडं का. मी पाहिलेले बहुतेक मालक हे आनंदानं सांगतात. आपण लिहितोय ती जागा आपलीच किंवा आपल्या भावाची असेल, तर मात्र तसं उघड लिहायचं आणि बदल दुसऱ्याला करू द्यायचा. इथे सूट नाही.

उचलेगिरीबद्दलही आधीच सांगते. गूगल मॅप्सवरून पत्ते, वेळा, फोटो उचलून आणू नका, ते आपले नाहीत. स्वतः जाऊन पाहिलेलं घाला. तसं पाहिलं असेल तर तीच जागा ओपनस्ट्रीटमॅप या, लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशावरही टाका. तिथे 'ऑफिस' या रकान्यात को-वर्किंगसाठी वेगळा पर्याय आहे, म्हणजे नकाशातून अशा जागा वेगळ्या काढता येतात. अशा बऱ्याच विकींचा परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा असतो: श्रेय द्या, आणि त्यातून जे कराल ते त्याच अटींवर खुलं ठेवा. ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना वेगळा आहे, म्हणून एकाकडून दुसरीकडे डोळे मिटून नकलून चालत नाही. दोन्हीकडे स्वतःच्या पाहणीतून भरलं की हा गुंता उरत नाही.

प्रत्येक बदलाबरोबर एक छोटी ओळ लिहायची जागा असते. तिथे 'अपडेट' एवढंच लिहिणाऱ्यांवर माझा राग आहे. 'दर बदलले, जागेवर जाऊन पाहिले, जीएसटी वेगळा' असं लिहा, आणि नोंदीतच पाहिल्याची तारीख घाला. जागा बंद झाली असेल तर पान पुसू नका. बंद झाल्याचं वर ठळक लिहा आणि त्यांच्या जुन्या संकेतस्थळाची, वेबॅक मशीन या जुनी पानं जपणाऱ्या संग्रहातली प्रत जोडा. पुढे कोणाला या शहरातल्या को-वर्किंगचा अभ्यास करायचा असेल, तर बंद पडलेल्या जागाच जास्त शिकवतील.

ग्रंथालयशास्त्राच्या मुलांना हे काम लवकर जमतं, असा माझा अनुभव आहे. पुस्तक घेणं जितकं महत्त्वाचं, तितकंच फडताळ तपासणं, हे त्यांना शिकवलेलं असतं. आणि बडोद्याला या गोष्टीची सवय जुनी आहे. सयाजीराव महाराजांनी 1910 साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला इथे आणलं, संस्थानभर मोफत वाचनालयं उभी केली, लाकडी पेट्यांतून गावोगाव फिरती पुस्तकं पाठवली. पेटी पाठवणं हे अर्धं काम. ती परत आल्यावर आत काय आहे ते मोजून घ्यायलाही कोणीतरी लागतंच.

करिअरचं विचाराल तर स्पष्ट सांगते, यात पैसा नाही. पण मुलाखतीत 'मी स्वयंसेवक होतो' म्हणण्यापेक्षा लॅपटॉप उघडून एका पानाचा आधीचा आणि नंतरचा मजकूर शेजारी शेजारी दाखवता आला, तर समोरचा पुढे झुकून बघतो. टेक्निकल रायटिंग, सॉफ्टवेअर कंपन्यांतलं डॉक्युमेंटेशन, को-वर्किंगच्या जागांमधली कम्युनिटी मॅनेजरची कामं, या सगळ्यांत हेच लागतं: अनोळखी माणसाशी न भांडता मजकूर सुधारणं. मात्र वेळेला कुंपण घाला. आठवड्याची एक ठरलेली संध्याकाळ पुरे. रोज रात्री बसणारे दोन महिन्यांत दिसेनासे होतात.

थोडं रुळलात की, जुन्या कार्यकर्त्यांना एक प्रश्न विचारा, अवघड वाटला तरी. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे, होस्टिंगचं, म्हणजे ते ठेवलेल्या सर्व्हरचं, बिल कोणाच्या कार्डावरून जातं, आणि त्या माणसानं उद्या काम सोडलं तर पासवर्ड आणखी कोणाकडे आहे? स्वयंसेवकांच्या कामात हे सगळं बहुधा एकाच भल्या माणसाच्या खिशात असतं, आणि त्याच्या कार्डाची मुदत संपली की वर्षांची मेहनत एका ईमेलच्या दुर्लक्षानं गायब होऊ शकते. मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालणारा विकी असेल तर सगळ्या मजकुराची एक्सएमएल प्रत काढता येते. चित्रं वेगळी उतरवावी लागतात, हे लोक विसरतात. अशी प्रत दर तीन महिन्यांनी काढून किमान दोन वेगळ्या माणसांकडे ठेवायची. हे काम कोणी मागून घेत नाही, म्हणून नव्या माणसाला ते पटकन मिळतं.